रॉकेट कुठे पडलं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

हौशी रॉकेटं उडवणाऱ्या वाचकांचे या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. रॉकेट नीट उडतं, पॅराशूट उघडतं, सगळे टाळ्या वाजवतात आणि मग ते सापडत नाही. रॉकेटच्या मोटारीचा (म्हणजे इंजिनाचा) दारूगोळा घरी कसा भरावा, असंही तिघांनी विचारलंय. तो स्फोटक पदार्थांच्या नियमांखाली येतो. त्याचं उत्तर इथे मिळणार नाही.

प्रश्न: गाडीला लावतात तो सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर रॉकेटमध्ये टाकला तर? स्वस्त आहे आणि फोनवर थेट नकाशा दिसतो. (देवगड)

दुसरा, जादाचा म्हणून टाका. एकटा त्याच्यावर भरवसा ठेवू नका. हा ट्रॅकर जागा शोधतो उपग्रहावरून, पण ती कळवतो मोबाइलच्या टॉवरमार्फत, आणि तेही बहुधा १० ते ६० सेकंदांतून एकदा. ३०० मीटरवरून येणारं रॉकेट मिनिटभरात खाली असतं. म्हणजे उतरतानाची एखादीच नोंद हाती लागेल आणि पडल्यावरची नोंद मिळेल की नाही, हे ते पडलं त्या व्हाळात (ओढ्यात) रेंज आहे का यावर. सड्यावर (कातळाच्या पठारावर) उभं राहून फोनला चार कांड्या दिसतात, पन्नास पावलं खाली उतरलं की एकही नाही, हे देवगडकरांना सांगायला नको.

चावीला लावायचे ब्लूटूथ टॅग तर इथे जवळपास निरुपयोगी. ते आजूबाजूच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतात, आणि सड्यावर चरणाऱ्या गुरांकडे फोन नसतात. शेवटच्या वीस-तीस पावलांत स्वतःच्या फोनवरून त्याची शिट्टी वाजवता येते, एवढाच उपयोग. परदेशातून कुणी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणून दिलं असेल तर ते घरीच ठेवा. असं यंत्र आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येत नाही.

प्रश्न: लोरा रेडिओ घ्यायचा ठरलंय. ४३३, ८६८ की ९१५ मेगाहर्ट्झ? ऑनलाइन तिन्ही मिळतात. (रत्नागिरी, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

लोरा म्हणजे मोबाइलच्या टॉवरशिवाय, रॉकेटमधून थेट तुमच्या रिसीव्हरपर्यंत जागा कळवणारा रेडिओ. ८६८ चा घ्या आणि तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच लावा. या पट्ट्यात भारतात १ वॅटपर्यंतच्या प्रेषकाला परवाना लागत नाही. ९१५ चा संच अमेरिकेसाठी असतो. तिथली मोकळी जागा म्हणजे आपल्या मोबाइल कंपन्यांच्या ९०० च्या पट्ट्याला लागून, काही ठिकाणी थेट त्याच्यावरच. तो वापरणं बेकायदा आहे आणि टॉवरच्या गोंगाटात ऐकूही नीट येत नाही. ४३३ ला विनापरवाना ताकद फारच थोडी मिळते. हॅम (हौशी रेडिओचा) परवाना असेल तर ४३४ ते ४३८ तुम्हाला खुला आहे, तो भाग वेगळा.

चिप एसएक्स१२७६ असो की एसएक्स१२६२, हौशी उंचीला दोन्ही पुरतात. मांडणी अशी ठेवा: वारंवारता ८६६.५, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, स्प्रेडिंग फॅक्टर ९ (हा आकडा वाढला की संदेश सावकाश जातो, पण लांब पोचतो), ताकद १४ डीबीएम (रेडिओच्या ताकदीचं माप), दर सेकंदाला एक २० बाइटचं पाकीट (जागा सांगणारा छोटा संदेश). स्प्रेडिंग फॅक्टर ७ ला हे पाकीट सुमारे ५७ मिलिसेकंदांत जातं, ९ ला १८५, आणि १२ ला १.३ सेकंद. 'लांब पोचावं' म्हणून १२ लावणारे इथेच फसतात. दीड-दोन सेकंदांतून एक पाकीट, त्यातलं एक हुकलं की मधल्या वेळात रॉकेट वीस मीटर खाली. हवेतल्या रॉकेटला लांबचा पल्ला मुळात लागतच नाही: ८६६ मेगाहर्ट्झला १० किलोमीटरच्या मोकळ्या वाटेत सुमारे १११ डेसिबल घट होते, म्हणजे १४ डीबीएमने पाठवलेलं उणे ९७ ने पोचतं. फॅक्टर ९ ला रिसीव्हर उणे १२९ च्या आसपासपर्यंत ऐकतो. हाताशी तीस डेसिबल शिल्लक आहेत. अडचण जमिनीवर येते, तिच्याबद्दल खाली सविस्तर.

अँटेना विकतची स्प्रिंगवाली नको. एकेरी तार ८.२ सेंटिमीटर कापा (पाव तरंगलांबी हिशेबाने ८.६६ येते, तारेला थोडी कमी लागते), रॉकेटच्या अक्षाला समांतर, सरळ ठेवा. तिच्या खाली बोर्डाचं तांबं असलं पाहिजे. नाक किंवा नळी कार्बन फायबरची असेल तर सिग्नल बाहेर येणार नाही. पुठ्ठा, फायबरग्लास, प्लास्टिक चालतं. चंदेरी रंग बऱ्याचदा धातूच्या भुकटीचा असतो, तोही नको. आणि अँटेना न जोडता प्रेषक चालू करू नका. चिपचा शेवटचा टप्पा जळतो.

प्रश्न: मोटार पेटली की जीपीएस हरवतं, उंची शून्य दाखवतं, मग खाली येताना एकदम ४०० मीटर. मॉड्यूल खराब आहे का? (मालवण)

बहुधा नाही. मोटार जळत असताना प्रवेग इतक्या झपाट्याने बदलतो की उपग्रहांचा माग धरून ठेवणारं सर्किट मागे पडतं. ते शिखराशी किंवा पॅराशूट उघडल्यावर पुन्हा सावरतं. आपल्याला उतरण्याची जागा हवी, चढतानाची नको, त्यामुळे यात बिघडत काही नाही. मात्र याच कारणासाठी पॅराशूट सोडायचं काम जीपीएसच्या उंचीवर कधीच सोपवू नका. ते दाबमापकाचं (हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या यंत्राचं) काम.

तरी तीन गोष्टी तपासा. निओ-६एम, निओ-एम८एन यांसारख्या मॉड्यूलमध्ये 'एअरबोर्न, ४ जी' (जी म्हणजे गुरुत्वाची पट, मोबाइलचा ४जी नव्हे) अशी एक मांडणी असते. मूळची मांडणी पायी किंवा गाडीने जाणाऱ्यासाठी असते आणि ती उभी धाव 'अशक्य' म्हणून गाळते. स्वस्त नकली मॉड्यूलं ही मांडणी बंद केल्यावर विसरतात, म्हणून प्रत्येक वेळी सुरू होताना मायक्रोकंट्रोलरकडून ती आज्ञा पुन्हा पाठवा आणि होकार आला का ते बघा. दुसरं, जीपीएसची चौकोनी चिनी मातीची अँटेना उभ्या रॉकेटमध्ये आडवीकडे तोंड करून बसते, म्हणजे तिला अर्धंच आकाश दिसतं. नाकाच्या टोकात ती वर तोंड करून बसवता आली तर उत्तम. तिसरं, शेजारी छोटा व्हिडिओ कॅमेरा आहे का? त्याची चिप जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आसपास बराच कचरा ओकते. कॅमेरा बंद करून उपग्रह मोजा, मग चालू करून. फरक दिसला तर त्याला नळीच्या दुसऱ्या टोकाला पाठवा.

लाँचपॅडवर ट्रॅकर निदान पाच मिनिटं आधी चालू असावा. आठ उपग्रह आणि एचडॉप (जागेतल्या चुकीचा अंदाज देणारा आकडा, कमी तेवढा चांगला) २ च्या खाली, त्याशिवाय बटण दाबू नये.

प्रश्न: रॉकेट डोळ्यांदेखत काजूच्या बागेत पडलं, पण नकाशा ते समुद्रात दाखवत होता! (रत्नागिरी तालुका)

अंशांचा घोळ. जीपीएसचं मॉड्यूल अक्षांश १६५९.४००० असा देतं. त्याचा अर्थ १६ अंश ५९.४ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागायचं: १६.९९००००. रेखांश ७३१८.०००० म्हणजे ७३.३०००००. हा झाला रत्नागिरी शहराजवळचा बिंदू. तुम्ही (किंवा तुमच्या प्रोग्रामने) नुसतं टिंब सरकवून १६.५९४ आणि ७३.१८ असं वाचलं, तर अक्षांश ४४ किलोमीटर दक्षिणेला आणि रेखांश जवळपास १३ किलोमीटर पश्चिमेला सरकतो. विजयदुर्गाच्या समोर, भर समुद्रात.

याचा एक धाकटा भाऊ आहे. अर्डुइनोत (ट्रॅकर चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये) दशांश स्थळं न सांगता आकडा छापला की दोनच स्थळं येतात. ०.०१ अंश म्हणजे १.१ किलोमीटर. सहा स्थळं मागा. आणि घरून निघण्याआधी अंगणात ट्रॅकर ठेवून नकाशात आपलंच घर येतंय का ते पाहा. दोन्ही चुका तिथेच सापडतात.

प्रश्न: हवेत असेपर्यंत सिग्नल खणखणीत. जमिनीला टेकलं की गुडुप. सड्यावर तीन तास फिरलो. (राजापूर)

हा खरा प्रश्न, म्हणून इथे थोडं थांबू.

रेडिओची नजर उंचीवर अवलंबून असते. ३०० मीटरवरच्या अँटेनाला हिशेबाने ७० किलोमीटरपर्यंत क्षितिज मिळतं. तीच अँटेना गवतात, कातळापासून दहा सेंटिमीटरवर आडवी पडली की क्षितिज जेमतेम एक किलोमीटर, आणि मध्ये गडगा, करवंदीची जाळी, ओलं गवत आलं की तीन-चारशे मीटरही खूप. म्हणजे रॉकेट गप्प झालेलं नसतं, ते बोलतच असतं. तुम्ही खाली उभे असता. यावरून सगळं वागणं ठरतं.

रिसीव्हर लाँचपॅडशेजारी टेबलावर ठेवू नका. सड्यावरचा सगळ्यात उंच उंचवटा, नाहीतर गाडीचं टप, तिथे उभ्या काठीवर तीन मीटर उंच अँटेना. पॅडपासून शंभरेक मीटर लांब, कारण उभी अँटेना स्वतःच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच फेकत नाही आणि रॉकेट डोक्यावर असताना तुम्ही नेमके त्या खड्ड्यात असता. आलेलं प्रत्येक पाकीट वेळेसह साठवा. नुसतं पडद्यावर दाखवणारा रिसीव्हर नंतर रडवतो. नकाशा आदल्या दिवशी वायफायवर उतरवून ठेवा.

शेवटचं पाकीट किती उंचीवरचं आहे, ते आधी पाहा. जमिनीपासून ३० मीटरवरचं असेल तर ५ मीटर सेकंदाने उतरायला ६ सेकंद, वारा ५ मीटरचा, म्हणजे रॉकेट त्या बिंदूपासून वाऱ्याच्या दिशेने ३० मीटरवर. शेवटच्या पाच पाकिटांवरून वाहण्याची दिशा आणि वेग दोन्ही निघतात, ती रेघ पुढे ओढायची. (उंची सड्यापासूनची धरा. समुद्रसपाटीपासूनची उंची पाहून 'अजून १२० मीटरवर लटकतंय' असं समजणारे दर वर्षी भेटतात.) मग त्या बिंदूकडे चालत जा आणि वाटेत रिसीव्हर चालूच ठेवा, बहुतेक वेळा दोनशे मीटरच्या आत आल्यावर ताजी पाकिटं सुरू होतात आणि काम तिथेच संपतं.

पाकिटं येतात पण त्यात जागा नाही, असं झालं तर जीपीएस पालथं पडलंय किंवा रॉकेट चिरेखाणीत (जांभ्या दगडाच्या खाणीत) गेलंय. खाणीच्या उभ्या भिंतींत उपग्रह दिसत नाहीत आणि रेडिओचा सिग्नलही भिंतींना अडून वरच निघून जातो. आता दिशा शोधायची. तीन काड्यांची यागी अँटेना (एकाच दिशेचं जास्त ऐकणारी) असेल तर ती आडवी धरा. रॉकेट आडवं पडलंय, त्याची अँटेना आडवी आहे. तुम्ही यागी उभी धरलीत तर वीस डेसिबलपर्यंत फुकट जातात. सगळ्यात जोरदार दिशा नीट कळत नाही, कारण यागीचा झोत रुंद असतो. डावीकडे आणि उजवीकडे सिग्नल सारखाच पडतो त्या दोन दिशा पकडा, मधली खरी. होकायंत्राने ती लिहा, मग दोन-तीनशे मीटर बाजूला जाऊन पुन्हा. दोन रेघा शक्यतो काटकोनात छेदाव्यात. आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तो सोडून द्या.

यागी नसेल तर शरीर वापरा. हातातला रिसीव्हर छातीशी धरून जागेवर सावकाश गोल फिरा. आकडा जिथे सगळ्यात पडेल, तिथे तुमचं अंग मध्ये आलंय, म्हणजे रॉकेट पाठीमागे.

अगदी जवळ गेल्यावर चहूकडे सारखाच जोर दिसतो. तेव्हा रिसीव्हरची (रिसीव्हरचीच!) अँटेना काढा, किंवा तो स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण बोटभर उघडं ठेवा. शेवटचे वीस मीटर कानाचे: ट्रॅकरमध्ये तीन किलोहर्ट्झच्या आसपास वाजणारा बझर हवाच. पाच सेकंदांतून एकदा वाजवला तर बॅटरीला कळतही नाही.

पायात बूट, हातात काठी. सड्यावरच्या सैल दगडांखाली फुरसं (विषारी साप) असतं, आणि शोधणाऱ्याचं लक्ष पडद्यावर. चिरेखाणीच्या काठाजवळ अंधार पडल्यावर जाऊच नये; रॉकेट सकाळीही तिथेच असेल.

प्रश्न: ट्रॅकरची बॅटरी किती मोठी? आमचा ट्रॅकर उडताक्षणी बंद पडतो. (चिपळूण)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. जीपीएस आणि लोरा मिळून शंभरेक मिलिअँपिअर खाणाऱ्या तयार बोर्डाला १००० एमएएचची बॅटरी कागदावर दहा तास, प्रत्यक्षात सात-आठ. वायफाय आणि पडदा प्रोग्राममधून बंद करा. उंची एक मिनिट बदलली नाही की दहा सेकंदांतून एक पाकीट, म्हणजे दुसऱ्या दिवशीही शोधता येतं.

उडताक्षणी बंद पडण्याचं कारण बहुधा स्प्रिंगवाला सेल होल्डर. १८६५० चा (गोल लिथियमचा) सेल साधारण ४५ ग्रॅमचा. गुरुत्वाच्या दहापट (१० जी) प्रवेगात तो ४५० ग्रॅमसारखा दाबतो, स्प्रिंग दबते, क्षणभर वीज तुटते, बोर्ड नव्याने सुरू होतो आणि जीपीएस पहिल्यापासून उपग्रह शोधायला लागतं. सेल आडवा बसवा आणि झिपटायने आवळा, किंवा सरळ तारा डाखलेली चपटी लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) वापरा. जोडणीच्या पिनेवर गरम गोंदाचा एक थेंब.

प्रश्न: किनाऱ्याजवळ उडवायची वेळ कोणती? (वेंगुर्ले)

हिवाळा-उन्हाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे, दुपारी खारा वारा समुद्रावरून आत. दोघांच्या मधला, साडेनऊ-दहाच्या सुमाराचा निवांत तास सगळ्यात चांगला. दुपारी तीनला वारा आत वाहतो म्हणून रॉकेट समुद्रात जायची भीती नाही, पण ते लांब जातं. हिशेब करा: ५०० मीटरवर एकच मोठं पॅराशूट, उतरण ५ मीटर सेकंदाला, वारा ६ चा, १०० सेकंद, ६०० मीटर. तेच शिखरावर छोटं पॅराशूट, २० मीटर वेगाने १०० मीटरपर्यंत खाली, मग मोठं: ४० सेकंद, २४० मीटर. दोन टप्प्यांची सोय नसेल तर मोठ्या पॅराशूटला मध्यभागी भोक पाडा किंवा कमी उडवा. अर्धा किलोच्या रॉकेटला ५ मीटरच्या वेगासाठी साधारण ७५ सेंटिमीटर व्यासाचं सपाट पॅराशूट पुरतं. 'असू दे मोठं' म्हणून सव्वा मीटरचं लावलं की ते रॉकेट राहत नाही, पतंग होतो.

मोटार चालू असताना रॉकेट वाऱ्याच्या तोंडाकडे कलतं, हेही लक्षात घ्या. दुपारी ते आधी समुद्राकडे झुकेल आणि मग परत येईल. कड्यापासून किमान एक किलोमीटर आत या.

डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत वाळलेलं असतं. पॅडभोवती पाच मीटर जागा साफ करा आणि भिजवलेली गोणपाटं, पाण्याचे कॅन हाताशी ठेवा. वणवा कलमांत शिरला तर वर्षाचं पीक जातं. कातळशिल्पं असलेल्या सड्यावर तर पॅड लावूच नका. चिपी आणि रत्नागिरीच्या धावपट्ट्यांपासून लांब राहा, आणि उडवण्याआधी पोलीस ठाण्याला आणि भोवतालच्या बागायतदारांना सांगा.

प्रश्न: खाडीत पडलं. ओहोटीला खाजणात सापडलं, ट्रॅकर अजून दिवा दाखवतोय. वाचेल का? (दाभोळ)

आधी बॅटरी तोडा. खाऱ्या पाण्यात वीज चालू असली की तांबं तासाभरात हिरवं होऊन खाल्लं जातं. मग भरपूर गोड्या पाण्यात धुवा (हो, पाण्यातच, मीठ त्याशिवाय निघत नाही), नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारा, सावलीत दोन दिवस वाळवा. दाबमापक बहुधा गेला समजा. खाऱ्या पाण्यात बुडालेली लायपो पुन्हा चार्ज करू नका. घराबाहेर, वाळूच्या डब्यात ठेवून विल्हेवाट लावा.

पाण्याखालून ना जीपीएस येतं ना रेडिओ, म्हणून खाडीजवळ उडवणार असाल तर नाकात थर्माकोलचा ठोकळा घालून ट्रॅकर तरंगता ठेवा, टोक वर. पडल्यावर शोधाची घाई भरतीच्या वेळापत्रकावर ठरवा: भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, आणि उधाणाच्या दिवसांत खाजणात पाणी भांगापेक्षा (लहान भरतीच्या दिवसांपेक्षा) बरंच आत चढतं. खारफुटीच्या चिखलात एकट्याने उतरू नये, गावातला माहीतगार बरोबर घ्या.

प्रश्न: माडावर अडकलं तर?

पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) बोलवा, रॉकेटपेक्षा त्याची मजुरी स्वस्त. आंब्याच्या कलमावर असेल तर झेल्याची (आंबे उतरवायच्या जाळीची) लांब काठी पुरते, फक्त मालकाला विचारून. मोहराच्या दिवसांत फांदी हलवलेली कुणालाच आवडत नाही. विजेच्या तारांवर अडकलं असेल तर काठी, दोरी, दगड काहीही नको. महावितरणला फोन करा आणि खांबापासून लांब थांबा.